विटेवरचा देव आणि उत्तरापंथाला गेलेला देव

आळंदीहून माऊलींच्या पालखीबरोबर मी पहिल्यांदा चाललो, तेव्हा पंढरपूर म्हणजे सुमारे अडीचशे किलोमीटर, एवढाच माझा हिशेब होता. दिवे घाटात तो पायांना चांगलाच कळला. देव नेमका किती दूर आहे, हा प्रश्न मात्र दिंडीत चालता चालता, इतरांचे बोलणे ऐकताना पडला.

आमच्या विणेकरी बाबांच्या लेखी या प्रश्नात अर्थच नव्हता. अठ्ठावीस युगे विटेवर उभा राहून वाट पाहणारा तो आहे आणि उशीर करणारे आपण आहोत, असे ते म्हणत. गहिनीनाथांकडून निवृत्तिनाथांना आणि त्यांच्याकडून ज्ञानदेवांना मिळालेल्या परंपरेत जीव आणि शिव वेगळे नाहीत. मग चालायचे कशाला, असे मी विचारल्यावर ते म्हणाले, "एक आहोत ते ठाऊक आहे हो, पण भेटायला दोघे लागतात." त्यांच्या शेजारी टाळ घेऊन चालणारे विजापूरकडचे गृहस्थ माध्व, म्हणजे मध्वाचार्यांचे द्वैत मत मानणाऱ्या, घराण्यातले. जीव हा हरीचा दास असून तो मोक्षातही हरीहून वेगळाच राहतो, ही त्यांची धारणा, आणि कन्नड हरिदास संतांच्या परंपरेमुळे त्यांचाही विठ्ठल पंढरीचाच. दोघांमध्ये वाद झाला तो फक्त एकदा, तोही चहात साखर किती असावी यावरून.

जेजुरीत पालखीवर भंडारा उधळला गेला, नीरेत पादुकांना स्नान झाले, आणि आम्ही फलटणला पोहोचलो. पालखी विमानतळाच्या मैदानावर विसावल्यावर मी गावात गेलो, कारण महानुभाव पंथाचे लोक ज्या गावाला दक्षिण काशी मानतात ते हेच. परमेश्वराचे पाच अवतार म्हणून पंथ ज्यांना मानतो त्या पंचकृष्णांपैकी चक्रपाणी प्रभूंचा जन्म इथला. आबासाहेबांच्या मंदिरात काळी वस्त्रे ल्यालेल्या एका वृद्ध तपस्विनी बसल्या होत्या. मी सवयीने "राम कृष्ण हरी" म्हणालो. त्यांनी "दंडवत प्रणाम" म्हणून जवळ बसायला सांगितले.

त्यांच्या बोलण्यातून जे समजले, त्याने माझा प्रश्न पार उलटा झाला. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चारही पदार्थ नित्य आणि परस्परांहून वेगळे आहेत, असे त्यांचे शास्त्र सांगते. आमचा विठ्ठल त्यांच्या विचाराने देवतांमध्ये गणला जातो, परमेश्वर म्हणून नाही. हे त्यांनी इतक्या सौम्यपणे सांगितले की मला राग आला नाही, पण कानाला खटकले हे कबूल केले पाहिजे. परमेश्वर अवतार घेऊन माणसांत वावरला, पंथाचे प्रवर्तक चक्रधर स्वामींच्या रूपाने या मुलखात पायी हिंडला आणि उत्तरापंथाला, म्हणजे उत्तरेच्या वाटेने, निघून गेला. त्यानंतरचा सगळा काळ असन्निधानाचा, म्हणजे तो जवळ नसण्याचा. म्हणून स्वामी जिथे बसले, जेवले, निजले त्या स्थानांना वंदन करायचे, त्यांच्या स्पर्शाचा प्रसाद जपायचा आणि त्यांचे नाम, लीळा, मूर्ती, चेष्टा (म्हणजे हालचाली, कृती) आठवत राहायचे. पुढे पंथात आम्नाय, म्हणजे शाखा, झाले, त्यांतले उपाध्ये आणि कवीश्वर आजही ठळक आहेत. पण हा विरह सगळ्यांचा सारखाच, असे त्या म्हणाल्या.

"तुमचा उभा आहे, दादा, तुम्ही जाऊन भेटाल. आमचे चालणे त्यांच्या मागून आहे."

बरडच्या वाटेवर हे मी बाबांना सांगितले. ते बराच वेळ गप्प चालले आणि मग वीणा दुसऱ्या खांद्यावर घेत म्हणाले, "मागून चालणे अवघड. तिथे वाट पाहणारे कोणी नसते."

वाखरीला संतांच्या पालख्या एकत्र आल्या आणि तिथून पंढरपूरपर्यंत मी चाललो की गर्दीने मला नेले, ते सांगता येणार नाही. दर्शनाची रांग संपण्यासारखी नव्हती, त्यामुळे बहुतेक दिंडीकऱ्यांप्रमाणे आम्हीही नामदेव पायरीशी थांबून कळसाचेच दर्शन घेतले. समोरच चोखोबांची समाधी आहे. विठ्ठल विटेवर उभाच होता, तरी चोखोबांना जातीमुळे त्याच्यापर्यंत जाऊ दिले नाही. हे अंतर कोणत्याही शास्त्रातल्या देवाने ठेवलेले नव्हते. ते दार सर्वांसाठी उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात दहा दिवस उपोषण करावे लागले.

बाबांनी वीणा माझ्या गळ्यात दिली, वाकून आधी चोखोबांच्या समाधीवर डोके ठेवले, आणि मगच वळून कळसाकडे पाहिले.