आमची वाटचाल: गोड्या मसाल्यापासून व्हाइट एलपर्यंत

ग्वाल्हेरला लष्कर नावाच्या भागात आमची मसाल्याची गिरणी आहे. आईनं गोडा मसाला, मेतकूट आणि भाजणी ओळखीच्या घरांत द्यायला सुरुवात केली, मुंजी-लग्नांच्या ऑर्डरी वाढल्या, तेव्हा बाबांनी मागच्या खोलीत चक्की बसवली. इथवरची गोष्ट कुठल्याही मसालेवाल्याची. आमची वाट वळली ती बिअरमुळे, आणि तीही घरात कुणी पीत नसताना.

पुण्यातल्या एका छोट्या ब्रुअरीतून फोन आला: बेल्जियन पद्धतीची व्हाइट एल करतोय, धने हवेत. मला आधी थट्टाच वाटली. पण या बिअरचा स्वादच मुळी धने आणि संत्र्याच्या वाळक्या सालीचा. जवाच्या माल्टबरोबर, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाबरोबर, जवळपास निम्मा गहू कच्चाच घालतात, म्हणून ती गढूळ, पांढुरकी दिसते. बेल्जियमच्या हुगार्डन गावात हा प्रकार बंद पडला होता, तो १९६६ साली पिएर सेलिस नावाच्या दूधवाल्यानं पुन्हा सुरू केला. दूधवाल्यानं, हे ऐकून आईचा विरोध निम्मा मावळला.

मी कौतुकानं आमचा सर्वांत चांगला माल पाठवला: खमंग भाजून बारीक दळलेले धने. न भाजता दळायचे नसतात, एवढीच आमची अक्कल.

पुढे भाच्याच्या मुंजीला पुण्याला गेलो तेव्हा ब्रुअरीवाल्यानं दोन ग्लास समोर ठेवले. पहिल्याचा वास घेतला आणि एकदम पानावर बसल्यासारखं वाटलं. आमटी! चव पिठूळ, मागून कडसर. दुसऱ्यात अख्खे, न भाजलेले धने नुसते भरड ठेचून, उकळी संपायच्या आधी पाच-दहा मिनिटं घातले होते. लिंबाची साल नखानं खरवडावी तसा वास, घोट हलका, शेवटी किंचित लवंग. लवंग त्यात नव्हतीच, ती यीस्टची करामत. (हो, दोन्हींचा एकेक घोट घेतला. आई हे वाचेलच.) पाणी, गहू, माल्ट, यीस्ट सगळं तेच, फरक फक्त धन्यांचा. धन्यातलं सुगंधी तेल उडून जाणारं, ते आम्ही कढईतच घालवलं होतं आणि उरलंसुरलं चक्कीच्या उष्णतेत.

परत आल्यावर खरेदीच बदलली. मंडीत धने रंगावर विकतात: बादामी, ईगल, स्कूटर, पॅरट. जितका हिरवा तितका भाव जास्त. ब्रुअरीला रंगाशी काय देणंघेणं? आम्ही गुना जिल्ह्यातल्या कुंभराजच्या बाजूचा माल आता हातात चोळून, वास घेऊन निवडतो, साधा बादामी असला तरी चालतो. आपला धना लांबट आणि लिंबाच्या वासाचा. मोरोक्कोकडचा गोल धना बिअरमध्ये कधी कधी भाजीसारखा लागतो, म्हणून बाहेरचे ब्रुअरही भारतीय धना शोधतात, हे मला त्या दिवशी कळलं. ग्वाल्हेरच्या दाल बाजारात इतकी वर्षं उभा असून!

संत्र्याची सालही वाळवून पाहिली. पावसाळ्यात काळी पडली, नाद सोडला.

वीस लिटरला पंधरा-वीस ग्रॅम धने पुरतात, त्यामुळे ही गिऱ्हाइकं मोठी नाहीत. अशी तीन आहेत. त्यांचे धने चक्कीत जात नाहीत. ऑर्डर आली की आईच्या जुन्या खलात ठेचतो आणि त्याच दिवशी कुरिअर करतो. खल धुवायचा मात्र मीच, आई त्याला हात लावत नाही.