ऑगस्टाची ग्रीन्स: इंचाला फूट पुरत नाही

प्लेस्टेशनवरच्या 'ईए स्पोर्ट्स पीजीए टूर' या गोल्फच्या गेममध्ये सध्या मुक्काम एकाच कोर्सवर आहे, मास्टर्स स्पर्धा जिथे होते ते अमेरिकेतलं ऑगस्टा नॅशनल. ग्रीनचा (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताचा) वेग, म्हणजे त्यावर चेंडू किती सहज घरंगळतो तो, जाईल तितका वर नेलाय आणि पटची (ग्रीनवर होलकडे घरंगळत मारलेल्या फटक्याची) वाट दाखवणारी रेषा बंद केलीय. ग्रीनचा चढउतार दाखवणारी जाळी मात्र चालू ठेवलीय. त्यावरून कुणी हसलं तरी चालेल. प्रत्यक्ष ग्रीनवर पायाच्या तळव्यांना जो उतार जाणवतो तो सोफ्यावर बसून कळत नाही, आणि टीव्ही तर डोंगरसुद्धा सपाट करून दाखवतो.

या टप्प्यातली खरी कमाई म्हणजे पटिंगचा हिशेब. होल चेंडूपेक्षा एक इंच वर असेल तर अंतरात एक फूट वाढवा, खाली असेल तर एक फूट कमी करा, हा नियम आपल्यापैकी बरेच जण वापरतात. साध्या कोर्सवर तो छान चालतो. ऑगस्टावर उताराचे पट मात्र लांबच लांब जायला लागले, म्हणून कागद-पेन घेऊन बसलो.

ग्रीनचा वेग मोजतात स्टिम्पमीटरनं. एडवर्ड स्टिम्पसन यांना 1935 साली ओकमाँटची यूएस ओपन बघून ही कल्पना सुचली. आजचं उपकरण म्हणजे छत्तीस इंचांची खाच पाडलेली पट्टी. ती साधारण वीस अंशांपर्यंत उचलली की चेंडू सुटतो आणि सपाट ग्रीनवर जितके फूट जातो तितका स्टिम्प. सुटताना त्याचा वेग सेकंदाला सहा फुटांच्या आसपास असतो. त्यावरून गवत चेंडूला किती अडवतं ते काढता येतं, आणि उतार त्याला किती ओढतो हे तर शाळेतलंच भौतिकशास्त्र.

हिशेब असा निघाला. स्टिम्प 10 असेल तर इंचाला साधारण एक फूट, म्हणजे आपला नियम बरोबर. स्टिम्प 13 असेल तर इंचाला जवळजवळ 1.4 फूट. वीस फुटांचा पट आहे आणि होल सहा इंच खाली आहे असं धरा. जुन्या नियमानं तो चौदा फुटांचा समजून मारायचा, नव्या हिशेबानं बाराचाही नाही. पटिंगमध्ये दोन फूट म्हणजे परतीचा पट घाम काढणारा. दुसरी बाजूही बघा: स्टिम्प 13 वर तीन टक्के उतार असेल, तर सपाटीवर तेरा फूट जाणारा फटका खालच्या दिशेला सव्वीस फूट जातो आणि वरच्या दिशेला नऊसुद्धा नाही. सहा टक्क्यांवर चेंडू थांबतच नाही, उतार संपेपर्यंत घरंगळतो. ऑगस्टा क्लब आपला स्टिम्प जाहीर करत नाही, त्यामुळे 13 हा माझा धरलेला आकडा. गेममध्ये तो बऱ्यापैकी जुळतो.

एवढं झाल्यावर थ्री-पट (एका ग्रीनवर तीन पट लागणं) कमी झाले, पण पटिंग सुधारलं म्हणून नव्हे. अप्रोच (ग्रीनवर पोचवणारा फटका) कुठे टाकायचा हे बदललं म्हणून. होलमधल्या झेंड्याच्या वर दहा फुटांवर असण्यापेक्षा खाली पंचवीस फुटांवर असलेलं परवडतं. वेज (जवळून उंच मारायचा क्लब) हातात असला तरी आता मी आधी जाळी बघतो, मग झेंडा.

नववा होल याची सगळ्यात चांगली शिकवणी. ग्रीन मागून पुढे उतरतं आणि पुढची कड म्हणजे निव्वळ घसरगुंडी. झेंडा पुढे असला की मोह होतो, आणि चेंडू जरा आखूड पडला की थेट फेअरवेवर (ग्रीनच्या अलीकडच्या गवताच्या पट्ट्यावर) परत. 1996 च्या मास्टर्समध्ये शेवटच्या दिवशी ग्रेग नॉर्मनचा चेंडू इथूनच मागे आला होता. दिवसाच्या सुरुवातीला त्याच्याकडे सहा फटक्यांची आघाडी होती, आणि शेवटी तो निक फाल्डोकडून पाच फटक्यांनी हरला. मी इथे आता एक क्लब जास्त (थोडा लांब मारणारा) घेतो आणि बॅकस्पिनला (चेंडूच्या उलट्या फिरकीला) हातच लावत नाही. झेंड्याच्या वर राहिलो तर दोन पट लागणार हे गृहीत, बर्डी (ठरलेल्या फटक्यांपेक्षा एक कमी) विसरायची.

चौदावा हा कोर्सवरचा एकमेव बिनबंकरचा, म्हणजे वाळूचा खड्डा नसलेला होल. बंकर लागणारच कशाला? ग्रीन डावीकडून उजवीकडे असं काही कललंय की डाव्या अर्ध्यात पडलेला चेंडू आपण होऊन उजवीकडे जातो. इथे उतार शत्रू नाही, हमाल आहे.

सोळाव्यालाही तेच. रविवारचा झेंडा मागे डावीकडे, खालच्या कप्प्यात असतो. मधल्या चढाच्या उजवीकडे चेंडू टाकला की तो वळून झेंड्याकडे सरकतो. टायगर वूड्सची 2005 ची चिप (ग्रीनबाहेरून मारलेला छोटा फटका) याच ग्रीनवरची: चेंडू होलपासून बराच दूर, चढावर टाकला, आणि उतारानं काटकोनात वळवून आत नेला. मी ती जागा शोधून तिथून सराव करतो. आत जाणं दूरच, पण होलच्या तीन फुटांत थांबवणं बऱ्यापैकी जमू लागलंय.

जमत नाहीये ते आडव्या उतारावरचे लहान पट. पाच-सहा फुटांवरून, होलकडे जाता जाता चेंडूचा वेग मरतो आणि शेवटच्या हातभर अंतरात तो दुप्पट वळतो. जोरात मारून वळण कमी करावं, तर चुकल्यावर पुढचा पट पहिल्यापेक्षा लांब. सध्या चढाला जोरात, उताराला होलच्या काठापर्यंतच, असं धोरण आहे. आडव्यासाठी कुणाकडे पक्का हिशेब असेल तर हवाय.

यानंतर सहावा होल घेणार. झेंडा मागे उजवीकडे, वरच्या चिंचोळ्या कप्प्यात ठेवून, फक्त टी-शॉट, म्हणजे होलचा पहिला फटका.