आजोबांची सुरी आणि देवमासा

माझा भाचा गेली काही वर्षे टोकियोत नोकरीला आहे. दिवाळीनंतरच्या रविवारी तो आमच्या पाचपावलीच्या घरी जेवायला आला, तेव्हा मी मुद्दाम जुन्या पद्धतीने, जवसाच्या तेलात मसाला परतून सावजी मटण केले होते. रश्शात भाकरी बुडवता बुडवता त्याने सांगितले, ‘आत्या, मी देवमासा खाल्ला. ऑफिसच्या पार्टीत. कच्चाच देतात, आल्यासोबत.’ माझा हात ताटातच थांबला. त्याने ते पाहिले आणि अगदी सरळपणे विचारले, ‘तू बोकड खातेस, मग मी देवमासा खाल्ला तर तुझा घास का अडला?’ त्या दिवशी मला त्याला नीट उत्तर देता आले नाही. ते द्यावे म्हणून हे लिहिते आहे.

मनात पहिल्यांदा आलेली उत्तरे मी एकेक करून बाजूला ठेवली. देवमासा या नावात देव आहे, पण तो प्राणी देवही नाही आणि मासाही नाही. तो पिल्लाला दूध पाजणारा सस्तन प्राणी आहे, आणि बकरीही तशीच आहे. तो बुद्धिमान आहे म्हणावे, तर डुक्करही बुद्धिमान असते, आणि ज्याला बुद्धी कमी त्याला खुशाल कापावे हा न्याय मला पटत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचे एक पिल्लू वाळूत रुतले होते. त्याला परत समुद्रात लोटण्याची लोकांची दोन दिवसांची धडपड समुद्रापासून शेकडो मैलांवरच्या नागपुरात बसून आम्ही टीव्हीवर पाहत होतो, आणि ते वाचले नाही तेव्हा घरात कोणी बोलले नाही. ती कणव खरी होती. पण दुसऱ्याच्या ताटाला नाव ठेवायला आपली कणव पुरेशी नसते. तसे असते तर आपल्याही ताटात फारसे काही उरले नसते.

प्रजाती नष्ट होण्याचा मुद्दा याहून भक्कम आहे. १८६०च्या दशकात नॉर्वेच्या स्वेन फॉइनने टोकाशी स्फोटक लावलेला भाला तोफेतून डागण्याचे तंत्र बसवले, आणि १९२५ पासून मेलेला देवमासा मागच्या उतारावरून थेट आत ओढून घेणारी कारखान्यासारखी जहाजे अंटार्क्टिककडे जाऊ लागली. १९३०-३१ च्या एका हंगामात तिकडे सुमारे २९ हजार निळे देवमासे मारले गेले. विसाव्या शतकात सगळ्या जातींचे मिळून जवळजवळ २९ लाख देवमासे मेले. यातली फार मोठी कत्तल कोणाच्या पोटासाठी नव्हती. चरबीचे तेल साबणात आणि मार्गारीनमध्ये जात होते आणि मांस पुष्कळदा समुद्रात टाकून दिले जात होते. सोव्हिएत जहाजांनी तर सुमारे १ लाख ८० हजार देवमासे मारून ते हिशेबातच दाखवले नाहीत. हे उघड झाले ते १९९३ नंतर. देवमाशांच्या शिकारीसाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय आयोगाने १९८२ मध्ये व्यापारी शिकारीवर बंदीचा ठराव केला आणि १९८६ पासून ती लागू झाली, तोवर अंटार्क्टिकचे निळे देवमासे मूळ संख्येच्या एक टक्काही राहिले नव्हते. आज मात्र नॉर्वे प्रामुख्याने ज्या मिंक जातीची शिकार करतो, तिची संख्या लाखांत आहे. तो देश हे पुन्हा पुन्हा सांगतो आणि त्यात तो खोटे बोलत नाही. संख्या हाच आपला एकमेव आक्षेप असेल, तर संख्या सावरली की आपल्याला गप्प बसावे लागेल. मला गप्प बसायचे नाही, म्हणून मला वेगळे कारण हवे होते.

जपानविषयी बोलताना आपल्याकडे फार लवकर तिटकारा व्यक्त केला जातो. युद्धानंतरच्या उपासमारीत, १९४६ मध्ये, तिथल्या अमेरिकी प्रशासनानेच जपानी जहाजांना अंटार्क्टिकची परवानगी दिली आणि १९४७ मध्ये त्या देशाच्या ताटातली जवळजवळ निम्मी प्राणिज प्रथिने देवमाशाची होती. शाळेच्या जेवणात ते मांस खाऊन जी मुले जगली, त्यांना बोल लावण्याइतकी माझी जीभ सैल नाही. तिथल्या नागातो गावात १६९२ साली उभारलेली देवमाशांची समाधी आहे. मारलेल्या मादीच्या पोटात निघालेली गर्भातली पिल्ले तिथे पुरलेली आहेत, आणि मेलेल्या माणसाला देतात तशी मरणोत्तर बौद्ध नावे त्या देवमाशांना देऊन जवळच्या देवळाच्या नोंदवहीत ती लिहून ठेवलेली आहेत. आपण काय केले हे ज्यांना कळत होते, अशा लोकांची ती समाधी आहे. पण ‘संशोधना’च्या नावाखाली २०१७-१८ च्या हंगामात अंटार्क्टिकमध्ये जे ३३३ मिंक देवमासे मारले गेले, त्यांतल्या १२२ माद्या गाभण होत्या, आणि हे आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१४ मध्ये तिथला तोवरचा कार्यक्रम विज्ञानासाठी नाही असा निकाल दिल्यानंतरचे आहे. २०१९ मध्ये जपान आयोगातून बाहेर पडला आणि आता आपल्याच समुद्रात उघड व्यापारी शिकार करतो. तिथे कोणी उपाशी नाही. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला वर्षाला दोन लाख टनांवर खपणारे हे मांस आज दोन-एक हजार टनांवर आले आहे.

मला हवे असलेले कारण सापडले ते आमच्या आजोबांच्या आठवणीत. मी दहा वर्षांची असताना उमरेडकडच्या एका नातेवाइकाकडे कंदुरी होती. बोकड आजोबांनी स्वतः निवडला होता. त्याला पाणी पाजले, इतर बकऱ्या मागच्या आवारात नेल्या, आणि कापणाऱ्या माणसाने सुरी बाहेर काढल्यावर आजोबांनी ती मागून घेऊन अंगठ्याच्या नखावर फिरवली. धार नखावरून घसरली. आजोबांनी त्या माणसाला काही न बोलता परत पाठवले आणि दुसऱ्या माणसासाठी शेजारच्या गावी निरोप धाडला. पन्नास माणसे संध्याकाळपर्यंत ताटकळली. घरातल्या मोठ्यांनी कुरकुर केली, तेव्हा ते एवढेच म्हणाले, ‘ज्याले एका घावात मारता येत नाही, त्यानं सुरी धरू नये.’

समुद्रावर ही अट पाळता येत नाही, हे माझे उत्तर आहे. जहाज हलत असते, लाट हलत असते, आणि देवमासा श्वासापुरता काही क्षण वर येऊन पुन्हा बुडतो. एवढ्या वेळात नेम धरून मेंदूपाशी किंवा छातीत स्फोट व्हावा लागतो. या कामात सर्वांत कसबी समजल्या जाणाऱ्या नॉर्वेच्या २०११-१२ च्या नोंदींत ८२ टक्के मिंक तत्काळ मेले. म्हणजे जवळजवळ दर पाचांतला एक तत्काळ मेला नाही. फिन देवमासा मिंकपेक्षा कितीतरी मोठा. आइसलँडने २०२२ मध्ये १४८ फिन मारले, आणि त्यांच्याच सरकारी पशुवैद्यकांच्या पाहणीत आढळले की नजरेखाली असलेल्यांपैकी ४१ टक्के लगेच मेले नव्हते. मरायला लागलेल्या वेळाचा मध्य साडेअकरा मिनिटे होता. पाठीत भाला घेऊन पळालेल्या एका देवमाशाचा पाच तास पाठलाग झाला आणि तो हाती लागला नाही. ही शिकार देशाच्या प्राणिकल्याण कायद्यात बसूच शकत नाही असे तिथल्या तज्ज्ञांनी लिहून दिल्यावर जून २०२३ मध्ये मंत्र्यांनी ती ऑगस्टअखेरपर्यंत थांबवली; सप्टेंबरात ती कडक अटींवर पुन्हा सुरू झाली. दर दहा बोकडांतले चार जिवंत तडफडत राहतील असा कत्तलखाना नागपुरात काय, कुठेही एक दिवस चालू देऊ नये, असे मला वाटते. बोथट सुरी निदान परत पाठवता येते. या सुरीला धार लावण्याची सोयच नाही.

या कसोटीवर अलास्काच्या किनाऱ्यावर देवमाशाची शिकार करणारे तिथले मूळचे इन्युपियात लोकही उतरत नाहीत, हे मला मान्य केले पाहिजे. २००७ मध्ये त्यांनी मारलेल्या एका बोहेड देवमाशाच्या मानेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या स्फोटक भाल्याचा तुकडा सापडला. म्हणजे तो जीव शंभरहून अधिक वर्षे ती जखम बाळगून पोहत होता. पण त्या किनाऱ्यावर काही पिकत नाही, मांस गावात वाटले जाते, बाजारात जात नाही, आणि आयोगाने त्यांना मोजका वेगळा हिस्सा दिलेला आहे. जिथे दुसरे अन्न नाही तिथे मी आजोबांची अट लादणार नाही. जिथे दुकाने भरलेली आहेत तिथे लादेन.

हे लिहिताना ती अट माझ्याही स्वयंपाकघरात आली. ज्यांचे मरण तर सोडाच, जगणेही मी कधी पाहिले नाही, अशा ब्रॉयलर कोंबड्या आम्ही वर्षानुवर्षे आणत होतो. त्या दिवाळीपासून बंद केल्या आहेत. मटण महिन्यातून एकदा, ओळखीच्या खाटकाकडून, त्याचे काम उभे राहून पाहून आणते. पाहणे सोपे नाही.

भाच्याला हे सगळे फोनवर सांगितले. त्याच्या ऑफिसची वर्षअखेरची पार्टी पुन्हा येते आहे आणि ते मांस पुन्हा पुढे येईल. ‘मी नको म्हणेन आत्या, पण कारण काय सांगू?’ असे त्याने विचारले. मी म्हटले, किळस येते असे सांगू नकोस, आमच्या धर्मात चालत नाही असेही सांगू नकोस, ते खरे नाही. पणजोबांचे वाक्य सांग. त्याने ते माझ्याकडून दोनदा म्हणून घेतले. ‘एका घावात’ला जपानीत नेमके काय म्हणायचे, हे तो एका सहकाऱ्याला विचारणार आहे.