वळचणीतल्या चार कैच्या

मे महिना लागला की फ्लोरिडात माझा फोन दिवसभर वाजत असतो. १ जून ते ३० नोव्हेंबर हा अटलांटिकच्या हरिकेनचा हंगाम, आणि त्याआधी घराची तपासणी करून ‘विंड मिटिगेशन’चा, म्हणजे घर वाऱ्याला कितपत तोंड देईल ते सांगणारा फॉर्म विमा कंपनीकडे पोहोचवायची सगळ्यांना घाई असते. मी टँपा परिसरात होम इन्स्पेक्टर आहे. लोक मला बोलावतात ते विम्याचा हप्ता कमी व्हावा म्हणून. मी माळ्यावर चढते ते छप्पर भिंतीला कसं धरून बसलंय हे बघायला. २०२४च्या मे महिन्यातलं एक घर मला अजून जसंच्या तसं आठवतं.

घर एका मराठी जोडप्याने नुकतंच विकत घेतलेलं, बांधलेलं १९९६ साली. नवरा आतल्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगमध्ये होता, बायको कामाला गेलेली. दार उघडलं ते नवऱ्याच्या वडिलांनी. नाशिकहून उन्हाळ्यापुरते आलेले, सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. “मॅडम, मी पण वर येऊ का? मधे मधे करणार नाही,” ते म्हणाले. मराठी ऐकून मी म्हटलं, “काका, मॅडम नको. शिडीवरून या, पण पाय फक्त लाकडावर ठेवा. मधे नुसता जिप्समचा पातळ बोर्ड आहे, खाली हॉलमध्ये पडाल.”

१९९६ हे साल इथे महत्त्वाचं आहे. २४ ऑगस्ट १९९२ला अँड्र्यू वादळाने मायामीच्या दक्षिणेकडच्या वस्त्याच्या वस्त्या उघड्या पाडल्या. नंतर पाहणी झाली तेव्हा कळलं की बऱ्याच घरांच्या छपराचं प्लायवूड खिळ्यांऐवजी स्टेपलने ठोकलेलं होतं, आणि त्यातले कितीतरी स्टेपल खालच्या लाकडात शिरलेच नव्हते. त्यातून नियम कडक होत गेले आणि सबंध राज्याला एकच बांधकाम संहिता लागू झाली ती १ मार्च २००२ला. मधल्या दहा वर्षांत बांधलेली घरं बाहेरून सारखीच दिसतात. आत कुणी मन लावून काम केलंय, कुणी नाही, ते माळ्यावर गेल्याशिवाय कळत नाही.

सकाळी आठलाच माळा तापायला लागला होता. घराचं छप्पर चौपाखी, म्हणजे चारही बाजूंनी उतरतं. वाऱ्याला ते दुपाखीपेक्षा चांगलं तोंड देतं, कारण त्रिकोणी उभी भिंत कुठेच राहत नाही. काकांना ते सांगावं लागलं नाही. शिडी चढायच्या आधीच ते बाहेरून एक चक्कर मारून आले होते. वर मी टॉर्च तिरका धरून प्लायवूडच्या खालच्या बाजूने फिरवला. कैचीच्या, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी लाकडी सांगाड्याच्या, लाकडाला लागून, पण लाकडाच्या बाहेर, गंजलेल्या टोकांची एक रांगच दिसली. आम्ही त्यांना ‘शायनर’ म्हणतो. वरून खिळा मारताना नेम चुकला की तो कैचीत न जाता बाजूने खाली येतो. छपरावरून बघणाऱ्याला सगळे खिळे जागच्या जागी दिसतात, आणि वाऱ्याने प्लायवूड उचललं तर त्या रांगेतला एकही कामाला येत नाही. इथे ती एकच रांग होती, बाकीचे खिळे लाकडात होते. अडीच इंची खिळे, कडेला सहा-सहा इंचांवर. तेवढं ठीक.

मग मी वळचणीकडे सरपटत गेले. खरी तपासणी तिथे असते. भिंती काँक्रीटच्या ब्लॉकच्या, त्यांच्या माथ्यावर बाँड बीम, म्हणजे भिंतीवरून सलग जाणारी काँक्रीटची तुळई. त्या बीममध्ये ओतकामाच्या वेळीच पुरलेली गॅल्वनाइज्ड पट्टी वर येते आणि कैचीला खिळ्यांनी ठोकलेली असते. पट्टी हिशोबात धरायची तर कमीत कमी तीन खिळे हवेत, पट्टी आणि लाकूड यांत अर्ध्या इंचापेक्षा कमी फट हवी, गंज चढलेला नको. एकेका कैचीपाशी जाऊन मी खिळे मोजत होते, फोटो घेत होते. तीन, तीन, चार, तीन. काका मागून टॉर्च धरून होते आणि मनातल्या मनात तेही मोजत होते, कारण एकदा मी तीन म्हटल्यावर ते लगेच म्हणाले, “चौथा पट्टीच्या मागे आहे बघ.”

मागच्या बाजूला व्हरांडा बंद करून कुणीतरी खोली केली होती. तिथे भिंत लाकडी सांगाड्याची, आणि तिच्यावर टेकलेल्या चार कैच्यांना पट्टीच नव्हती. दोन्ही बाजूंनी तिरके मारलेले खिळे, बस. असे खिळे कैची जागेवरून सरकू देत नाहीत, पण वर उचलणाऱ्या ओढीपुढे ते लाकडातून उपसून येतात. आणि हरिकेनमध्ये छपरावर येतो तो भार मुख्यतः वर ओढणारा. माझं माहेर श्रीवर्धनजवळचं. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ तिथेच किनाऱ्याला लागलं आणि आमच्या आळीतले पत्रे असेच वळचणीपासून सुटत गेले. आधी एक कडा फडफडायला लागते, मग तिच्याखाली वारा शिरतो, आणि मग बाकीचं छप्पर सोलत जायला वेळ लागत नाही.

खाली आलो तेव्हा मुलाची मीटिंग संपली होती. त्याने आधीच्या मालकाचा जुना फॉर्म पुढे ठेवला. त्यात छप्पर आणि भिंतीच्या जोडणीपुढे ‘क्लिप’, म्हणजे धातूची पट्टी, अशी खूण होती आणि चांगल्या पट्टीचा फोटो जोडलेला होता. “ताई, पन्नासच्या वर कैच्या आहेत. चारांसाठी हप्त्यातली सगळी सूट जाणार?” हप्त्याची रक्कम पाहता त्याचं म्हणणं मला कळत होतं. फ्लोरिडात घराचा विमा भरताना भल्याभल्यांचं कंबरडं मोडतं. पण फॉर्मवरचा प्रश्नच असा आहे: सर्वांत कमकुवत जोडणी कोणती? कोपऱ्याजवळच्या छोट्या तुकड्यांना सवलत आहे. ह्या चार तिथल्या नव्हत्या. मी तसं सांगितलं. तो गप्प झाला, चेहऱ्यावर नाराजी दिसत होती.

तेव्हा काका बोलले. “अरे, पस्तीस वर्षं एमबी, म्हणजे कामाची मोजमाप-वही, लिहिली मी. जे डोळ्यांनी पाहिलं नाही ते काम एमबीत चढवायचं नाही, आणि जे पाहिलं ते गाळायचं नाही. त्या चार कैच्या मी बघितल्यात. कागदावर काही लिही, वारा कागद बघून येणार आहे का?” मग माझ्याकडे वळून, “पट्ट्या आता बसवता येतात का, ते सांग.”

येतात. वळचणीखालची फळी काढून बाहेरून पट्टी कैचीला आणि खालच्या लाकडी भिंतीला ठोकता येते. परवानाधारक माणसाकडून करून घ्यायचं, फोटो काढायचे, मी येऊन पुन्हा बघायचं आणि नवा फॉर्म भरायचा. तो पाच वर्षं चालतो. चार कैच्यांचं काम म्हणजे एका दिवसाचं काम.

पट्ट्यांपेक्षा मला त्या घराच्या गॅरेजचं दार जास्त खटकलं होतं. सोळा फुटी, दोन गाड्यांचं, जुनं, आणि वाऱ्याच्या दाबाला तपासल्याचं कुठलंच लेबल त्यावर नाही. एवढा रुंद पातळ पत्रा वादळात मधोमध वाकतो, रुळातून निसटतो, आणि वारा आत घुसतो. मग छपराला बाहेरून ओढ असतेच, आतूनही दाब येतो. काकांनी विचारलं, “म्हणजे उलट बाजूची खिडकी किलकिली ठेवली तर दाब सारखा होईल?” हा समज इथेही घट्ट आहे. मी म्हटलं, “नाही काका, तेवढी आणखी एक वाट मिळते वाऱ्याला. सगळं बंद ठेवायचं, आतल्या खोल्यांची दारंसुद्धा.” काचेवर चिकटपट्टीच्या फुल्या मारणंही तसंच. काच फुटायची ती फुटतेच, तुकडे मात्र मोठे पडतात.

गॅरेजच्या कोपऱ्यात आधीच्या मालकाने वादळात खिडक्या झाकायचे पन्हळी स्टीलचे पॅनेल रचून ठेवले होते, प्रत्येकावर मार्करने खिडकीचा नंबर. बघून बरं वाटलं. तरी मी सांगितलं की सगळे एकदा लावून बघा, वादळ दोन दिवसांवर आल्यावर नाही, ह्या रविवारी. बापलेकांनी लावले. मागच्या खोलीच्या खिडकीचं पॅनेल बसेना, कारण खिडकी नंतर बदललेली होती. शिवाय पॅनेल आवळायचे निम्मे विंगनट गंजून धरले होते. फॉर्मवर एकही काच उघडी राहिली तर खिडक्यांची सवलत मिळत नाही, आणि वाऱ्याला तर एक काच पुरते. नवं पॅनेल कापून आणलं, नट बदलले, गॅरेजच्या दाराला आतून उभे टेकू बसवले. पुराचा विमा घराच्या विम्यात येत नाही, तो वेगळा घ्यावा लागतो आणि सरकारी पॉलिसी लागू व्हायला ३० दिवस लागतात, हेही मी त्यांना सांगून ठेवलं.

जून संपायच्या आत मी पुन्हा माळ्यावर गेले. चारही कैच्यांना चकचकीत पट्ट्या, प्रत्येकीला पुरेसे खिळे. ह्या वेळी काकांनी फोटो काढण्याआधीच खिळे मोजून ठेवले होते.

त्या वर्षी २६ सप्टेंबरला हेलीन वादळ आलं आणि टँपा बेच्या काठावरच्या घरांत समुद्राचं पाणी भरलं. भिजलेले सोफे आणि गाद्या अजून रस्त्याकडेला पडून होत्या, तोवर ९ ऑक्टोबरच्या रात्री मिल्टन वादळ ‘सिएस्टा की’ ह्या बेटापाशी किनाऱ्याला लागलं. सेंट पीटर्सबर्गच्या ट्रॉपिकाना फील्ड ह्या बेसबॉल स्टेडियमचं छत त्याच रात्री फाटलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलाने फोटो पाठवले: कुंपण आडवं, ओकची एक मोठी फांदी अंगणात, वीज नाही, छप्पर होतं तसं. पट्ट्यांमुळे वाचलं असं मी म्हणणार नाही. त्या वस्तीत वारा किनाऱ्यापेक्षा कमी होता, आणि शेजारची काही कच्ची छपरंही टिकली. पण ती रात्र त्यांनी आतल्या खोलीत काढली तेव्हा डोक्यावर काय आहे ते त्यांना खिळ्यानिशी माहीत होतं.

काकांचा निरोप नाशिकहून आला, “मागच्या खोलीचं पॅनेल बसलं का नीट?” बसलं होतं.

आता तपासणीसाठी फोन आला की मी फेब्रुवारी-मार्चमधली तारीख सुचवते. मे महिन्यात दोष सापडला तर छपराचं काम करणारी माणसं मिळत नाहीत, आणि ऑगस्टमध्ये तर पॅनेलचं सामानही दुकानातून संपलेलं असतं.