तुम्ही विचारलंत म्हणून: एवढं करून पोरगं तीन वर्षांत सुटतं कसं?

मी वकील, बाल न्याय मंडळासमोर (अठराखालच्या मुलांवरच्या गुन्ह्यांच्या केसेस तिथे चालतात) केसेस लढवते हे कळलं की समोरचा हमखास विचारतो, एवढा मोठा गुन्हा करून पोरगं तीन वर्षांत सुटतं, हा कसला न्याय? परत विचारलंत म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

ते 'तीन वर्षं' आता अर्धंच खरं आहे. २०१२ च्या दिल्लीतल्या निर्भया प्रकरणातल्या अल्पवयीनाला तीनच वर्षं मिळाली, लोक भडकले आणि २०१५ चा बाल न्याय कायदा आला. आता गुन्ह्याच्या दिवशी वय सोळा ते अठराच्या मधलं असेल आणि गुन्ह्याला कमीत कमी सात वर्षं शिक्षा असेल, तर खटला मोठ्यांसारखा चालवायचा का हे मंडळ आधी बघतं, हो म्हटलं तर केस बाल न्यायालयाकडे जाते आणि तिथे तीनची लिमिट नाही. फाशी मात्र नाही, कधीच सुटका नाही अशी जन्मठेपही नाही. एकविसाव्या वर्षापर्यंत 'सुरक्षित स्थानी', म्हणजे जेलपासून वेगळ्या जागी ठेवतात, मग सुधारलाय का ते बघून उरलेल्या शिक्षेसाठी जेलमध्येही पाठवू शकतात. (आणि पुण्याच्या पोर्शे गाडीच्या अपघातातल्या अल्पवयीनाला लिहायला सांगितलेला तो ३०० शब्दांचा निबंध शिक्षा नव्हती हो, जामिनाची अट होती. अट हास्यास्पदच, पण 'शिक्षा' म्हणून फॉरवर्ड नका करू.)

मला खटकतं ते ते आधीचं 'बघणं'. त्याला प्राथमिक मूल्यमापन म्हणतात. मुलाची मानसिक-शारीरिक कुवत किती, परिणाम कळत होते का, कुठल्या परिस्थितीत केलं, हे सगळं तीन महिन्यांत ठरवायचं. मंडळासमोर आरोपीचा पिंजरा नसतो, पोलीस साध्या कपड्यात, पोरगं खुर्चीत बसून नखं कुरतडतंय, मागे आई. विचारतात, चाकू लागला की माणूस मरतो हे माहिती होतं का? ते मान हलवतं. झालं, कळत होतं! अहो, सहा वर्षांच्या पोरालाही माहिती असतं ते. त्या रात्री चार मित्र भरीस घालत असताना त्याला थांबता आलं असतं का, हा खरा प्रश्न, आणि तो काही महिन्यांनी शांत खोलीत बसून कसा मोजणार? मंडळात बालमानसशास्त्र शिकलेलं कोणी नसेल तर तज्ज्ञाची मदत घ्यायलाच हवी, असं सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये सांगितलंय, ते बरं झालं.

वयाचा घोळ तर विचारूच नका, निम्म्या दाखल्यांवर जन्मतारीख १ जून, शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली, आणि पुढचं सगळं त्यावर ठरतं.

माफ करून सोडा असं मी म्हणत नाहीये. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांच्या नजरेला नजर देणं मलाही जमत नाही. पण तीन वर्षं द्या नाहीतर दहा, हा पोरगा तरुणपणीच बाहेर येणार आहे. म्हणून ऑर्डर हातात आली की मी आधी वर्षं नाही बघत, समुपदेशन आणि कामाच्या ट्रेनिंगबद्दल काय लिहिलंय ते शोधते, आणि बरेचदा तिथे एकच छापील ओळ असते.