आमची वाटचाल: हळदीच्या गोदामातून भाड्याच्या खोल्यांपर्यंत

केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालो आणि सांगलीच्या मार्केट यार्डात कीड मारायच्या धुरीच्या कामाला लागलो. हळदीच्या पोत्यांच्या थप्पीवर ताडपत्री ओढायची, कडा वाळूच्या पिशव्यांनी दाबायच्या, आत विषारी वायू सोडणाऱ्या गोळ्या ठेवायच्या आणि ठरलेले दिवस तिकडं कुणाला फिरकू द्यायचं नाही. जुने हमाल हरिपूरच्या पेवांच्या गोष्टी सांगायचे. जमिनीखालच्या त्या पेवांत हळद वर्षानुवर्षं राहायची, पण कीड लागायची नाही, कारण तोंड लिंपलं की आत प्राणवायूच उरायचा नाही. २००५ च्या महापुरानं त्या पेवांचं फार नुकसान केलं. पण कीड मारण्याआधी तिला जगायला काय लागतं ते बघायचं, ही गोष्ट मी त्या हमालांकडून घेतली.

कीड मारायचं स्वतःचं काम काढायचं तर १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली परवाना लागतो आणि त्याला विज्ञान किंवा कृषी पदवीसोबत प्रशिक्षणही लागतं. हैदराबादच्या राष्ट्रीय वनस्पती आरोग्य व्यवस्थापन संस्थेत पंधरा दिवस काढले, परवाना हातात आला, एक पंप घेतला आणि सुरुवात केली.

गिऱ्हाईक मिळालं ते भाड्याच्या घरांतलं. विश्रामबागेत कॉलेजची पोरं, कुपवाडला एमआयडीसीतले कामगार, मिरजेत दवाखान्यासाठी येऊन महिना-दोन महिने राहणारी माणसं. अकरा महिन्यांचा करार संपला की बिऱ्हाड हलतं. कॉट, गादी, फ्रीजबरोबर ढेकूण आणि झुरळंही हलतात. मग मालक म्हणतात, "माझं घर स्वच्छ होतं, यांनीच आणले." भाडेकरू म्हणतात, "आम्ही आलो तेव्हाच होते." डिपॉझिट अडकतं आणि औषध कुणी मारायचं यावर महिना जातो. तेवढ्यात किड्यांची पिलावळ वाढते.

पहिल्याच वर्षी माझी मोठी चूक झाली. खणभागात एका वाड्यात पाच बिऱ्हाडं होती. एकानं पैसे दिले, त्याचीच खोली मी मारली. पंधरवड्यात शेजारच्या खोलीत ढेकूण निघाले. उग्र औषधानं ते सगळे मरत नाहीत, काही भिंतीच्या भेगेतून, वायरिंगच्या पाइपातून पलीकडं सरकतात. त्या खोलीत एक बाळंतीण होती. तिच्या आईनं मला बाळाच्या पाठीवरचे चट्टे दाखवले, ते अजून डोळ्यांपुढं आहेत. मी अख्खा वाडा स्वखर्चानं दोनदा केला. तेव्हापासून भिंतीला भिंत लागून असलेल्या खोल्या तपासल्याशिवाय ढेकणाचं काम घेत नाही. दुसरी फेरीही पहिल्याच पैशात धरतो. औषधातून अंडी वाचतात, आठ-दहा दिवसांत फुटतात, म्हणून दोन आठवड्यांनी परत जावंच लागतं.

कोळ्यांचा फोन मात्र वेगळा असतो. विश्रामबागेतून एका आईचा फोन आला, "दादा, पोराच्या अंगावर कोळी मुतलाय, खोलीत नुसती जळमटं आहेत, लवकर या." गेलो. माळ्याखाली लांब पायांचे कोळी होतेच. पण पोराच्या दंडावरचे चट्टे एका ओळीत होते. कॉट उलटी केली. लोखंडी पायाच्या जोडात टॉर्च मारला तर काळे ठिपके, पांढुरक्या कातीनं भरलेली फट आणि आत हलणारे ढेकूण. त्या माऊलीनं पोराचा हात धरला आणि खालीच बसली. घरमालक काकूही दारात उभ्या होत्या. मी दोघींना एकाच वेळी ती फट दाखवली, आणि कॉट आधीच्या पोरानं तशीच सोडून दिली होती हे काकूंनी स्वतःच सांगितलं. भांडण तिथंच थांबलं. त्या दिवसापासून मालक आणि भाडेकरू दोघं हजर असल्याशिवाय मी तपासणी करत नाही. पोराला मात्र डॉक्टरकडं पाठवलं, चट्ट्यांचं निदान करणं माझं काम नाही.

कोळ्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण त्याच्यावर सगळ्यात जास्त औषध वाया जातं. त्याचं पोट किड्यांवर चालतं. तो पायांच्या टोकांवर चालतो, झुरळासारखा जमिनीला अंग घासत नाही, त्यामुळे फरशीवर वाळलेलं औषध त्याला फारसं लागत नाही. खोलीत जळमटं वाढली म्हणजे तिथं किडे येतायत, एवढं नक्की. म्हणून आम्ही आधी लांब झाडूनं जाळी आणि त्यातल्या अंड्यांच्या पांढऱ्या पिशव्या काढतो. दारावरचा पांढरा दिवा काढून पिवळा लावायला सांगतो, त्यावर किडे कमी येतात. खिडकीच्या चौकटीच्या फटी भरतो. त्यानंतर गरज पडली तरच फवारणी. स्वयंपाकघरात झुरळांना जेल लावतो, ओट्याखाली आणि बिजागरीच्या कोपऱ्यात, मुगाच्या दाण्याएवढे ठिपके. भांडी हलवावी लागत नाहीत, लेकराबाळांच्या घरात मला तेच बरं वाटतं.

एक काम मी कायम नाकारतो. "गोदामातल्या गोळ्या खोलीत ठेवा, एका रात्रीत सगळं साफ," असं म्हणणारे भेटतात. त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून निघणारा वायू बंद दाराखालून शेजारच्या खोलीत झिरपतो. झोपेतली माणसं दगावलेली आहेत. धान्याच्या गोळ्या कुणी राहत्या घरात ठेवत असेल तर कृपा करून ठेवू नका आणि शेजाऱ्यालाही सांगा.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गावभागातली तळमजल्याची घरं गाळानं भरली. पाणी ओसरल्यावर मोऱ्यांतून झुरळं वर आली, पुढं भिजलेल्या चौकटींना वाळवी लागली. ती वर्षं आमची दिवसरात्र कामाची गेली. तेव्हा दोन पोरं हाताखाली घेतली, दोघंही अजून आमच्याकडंच आहेत.

आता मे महिन्यात आमच्याकडं किल्ल्या येतात. जुनं बिऱ्हाड गेलं आणि नवं यायचंय, ते मधले चार दिवस आम्ही मागून घेतो. रिकाम्या खोलीत सगळं दिसतं: कपाटामागची भिंत, मोरीची जाळी, माळ्याचा कोपरा. विश्रामबागेतल्या त्या काकू आता खोली कुणाला दाखवायच्या आधी किल्ली आमच्याकडं पाठवतात. सोबत चिठ्ठी असते: "कॉट उलटी करून बघा."