मॅनहॅटनमध्ये एका रात्रीत चार बर्गर

जर्सी सिटीत राहणारे आम्ही चौघे मित्र गेल्या ऑक्टोबरमधल्या एका गुरुवारी केवळ बर्गर खाण्यासाठी मॅनहॅटनला गेलो. कोणाचा बर्गर सरस यावर आमच्यात वर्षभर वाद चालला होता आणि प्रत्येकाने आपापले आवडते ठिकाण वेगळ्या दिवशी, वेगळ्या भुकेने अनुभवलेले असल्यामुळे तो मिटण्याची शक्यता नव्हती. म्हणून चारही ठिकाणे एकाच रात्री करायची असे ठरले. गोमांसाचा बर्गर सगळीकडे सारखाच मागवायचा, म्हणजे साधा चीजबर्गर, मीडियम (आतून किंचित गुलाबी राहील इतपत) भाजलेला, आणि पहिला घास केचप न लावता खायचा, हा नियम आधीच करून घेतला. चौघांतला सांगलीचा मित्र शाकाहारी असल्यामुळे तिसरा मुक्काम त्याच्यासाठी राखला होता. उत्तरेकडून सुरुवात करून खाली उतरत यायचे हेही ठरले, कारण परतीची पाथ, म्हणजे मॅनहॅटन आणि न्यू जर्सी यांना जोडणारी रेल्वेगाडी, ग्रीनिच व्हिलेजमध्ये मिळते आणि भरल्या पोटी उलट दिशेने जाण्याचा उत्साह कोणात राहत नाही.

सहा नंबरच्या मेट्रोने 77व्या रस्त्यावर उतरून आम्ही पावणेसहाला थर्ड अव्हेन्यू आणि 74व्या रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या जे. जी. मेलनमध्ये पोहोचलो. हे ठिकाण 1972 सालचे असून खोली लहान आहे, भिंतींवर कलिंगडांची चित्रे आहेत आणि सात वाजल्यानंतर दारात ताटकळावे लागते, म्हणून लवकर जाणे हाच उपाय. इथे वर्षानुवर्षे रोखीचाच व्यवहार चालत आलेला असल्यामुळे खिशात नोटा असू द्याव्यात. बर्गर सपाट तव्यावर भाजतात आणि त्याची चव त्या तव्यातच आहे असे माझे ठाम मत झाले. तव्याला टेकलेल्या बाजूचे पाणी उडून गेले की मांसातली प्रथिने आणि शर्करा यांच्यात प्रक्रिया होऊन तपकिरी, खमंग थर तयार होतो; आपल्या भाकरीवर जे डाग पडतात तेही याच प्रक्रियेचे. मेलनच्या पॅटीची, म्हणजे खिम्याच्या चपट्या वडीची, कड दाताखाली किंचित कुरकुरते आणि आतून मात्र ती इतकी मऊ असते की पाव दोन बोटांनी हलकेच दाबला तर खालच्या अर्ध्या भागात रस उतरताना दिसतो. तो पाव भाजलेला असल्यामुळे ओला होतो, पण फाटत नाही. वडापाव खात मोठ्या झालेल्या माणसाला पावाचे हे काम वेगळे समजावून सांगावे लागत नाही. बटाट्याच्या गोल चकत्या तळून देतात, त्याही उत्तम असतात, पण चौघांत एकच बशी मागवावी. आम्ही दोन मागवल्या आणि पुढच्या ठिकाणी त्याचा परिणाम जाणवला.

तिथून थर्ड अव्हेन्यूनेच 55व्या रस्त्यापर्यंत चालत यावे. मॅनहॅटनमध्ये उत्तर-दक्षिण वीस गल्ल्या म्हणजे साधारण एक मैल होतो, आणि दोन बर्गरांच्या मध्ये ही वीस-पंचवीस मिनिटांची चाल हवीच. पी. जे. क्लार्क्स 1884 पासून चालू आहे. शेजारची उंच कार्यालयीन इमारत उभी राहिली तेव्हाही ही जागा पाडली गेली नाही, त्यामुळे लाल विटांचे हे ठेंगणे घर आज त्या काचेच्या भिंतीला खेटून उभे दिसते. गायक नॅट किंग कोल याने इथल्या बर्गरला कॅडिलॅक (आलिशान मोटारीचे नाव) म्हटले अशी आख्यायिका सांगतात आणि बेकन, म्हणजे डुकराच्या खारवलेल्या मांसाच्या पट्ट्या, घातलेला बर्गर आजही त्याच नावाने मिळतो. नियमाप्रमाणे आम्ही साधाच घेतला. मांस चांगले होते, पाव मऊ होता, पण मेलनच्या कडेची खमंग चव जिभेवर ताजी असल्यामुळे हा बर्गर आम्हा तिघांनाही थोडा सौम्य वाटला. जागेसाठी मात्र इथे अवश्य जावे. जुन्या लाकडी बारशी उभे राहून अर्धा बर्गर खाणे पुरेसे आहे.

मीडियमविषयी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. अमेरिकन कृषी खात्याची शिफारस खिमा आतपर्यंत 71 अंश सेल्सिअसला शिजवावा अशी आहे, कारण अखंड तुकड्याच्या पृष्ठभागावर असलेले जंतू खिमा करताना आतवर मिसळतात. मीडियम बर्गर त्या तापमानापर्यंत जात नाही. बरोबर लहान मुले, गरोदर स्त्री किंवा वयस्कर आईवडील असतील तर त्यांच्यासाठी वेल डन, म्हणजे आतपर्यंत पूर्ण भाजलेला, असे स्पष्ट सांगावे. रस थोडा कमी होतो, पण चरबीचे प्रमाण नीट असेल तर चव टिकते.

51व्या रस्त्यावरून पुन्हा सहा नंबरने अ‍ॅस्टर प्लेसला उतरलो आणि सेंट मार्क्स प्लेसने पूर्वेला चालत टॉम्पकिन्स स्क्वेअरच्या काठावरच्या सुपिरिऑरिटी बर्गरमध्ये गेलो. हे संपूर्ण शाकाहारी ठिकाण आहे. ब्रुक्स हेडली हा पेस्ट्री शेफ, जो पंक बँडमध्ये ड्रमही वाजवत असे, त्याने 2015 मध्ये ते जवळच्याच एका चिंचोळ्या गाळ्यात सुरू केले आणि 2023 मध्ये अ‍ॅव्हेन्यू ए वर एका जुन्या डायनरच्या (साध्या उपाहारगृहाच्या) जागेत हलवले. पॅटीत किन्वा हे बारीक धान्य, काबुली चणे, अक्रोड आणि भाज्या असतात आणि ती मांसाची नक्कल करायला जात नाही, हे मला सर्वांत आवडले. भाजलेला टोमॅटो, वितळलेले चीज आणि आंबट काकडी यांच्यामुळे प्रत्येक घासाला ओलावा राहतो. बर्गर आकाराने लहान असतो, त्यामुळे इथे वाटून न घेता प्रत्येकाने स्वतःचा घ्यावा. एरवी मित्रमंडळींबरोबर बाहेर पडल्यावर केवळ फ्राइजवर रात्र काढणारा आमचा सांगलीकर इथे पहिल्यांदाच आमच्याइतक्याच अधिकाराने बोलत होता आणि त्याने दिलेला पहिला क्रमांक आम्ही तिघांनीही गंभीरपणे विचारात घेतला. अंड्याचे पथ्य असेल त्यांनी पाव आणि सॉसबद्दल आधी विचारून घ्यावे.

शेवटचा मुक्काम कॉर्नर बिस्ट्रो. फर्स्ट अव्हेन्यूवरून एल नावाच्या मेट्रोने एट्थ अव्हेन्यूला उतरले की वेस्ट फोर्थ आणि जेन रस्त्यांचा कोपरा पाच मिनिटांवर आहे. इथली पॅटी अर्ध्या पौंडाची, वरून जाळ देऊन भाजलेली असते आणि कागदी बशीत येते. जाड असल्यामुळे आतला रस भरपूर असतो, पण तोच बशीत सांडून खालचा पाव लवकर विरतो, म्हणून हा बर्गर समोर आल्याबरोबर खावा, गप्पा नंतर माराव्यात. तिघांत एक पुरला. हा पहिल्या क्रमाने घेतला असता तर पुढचे काहीच जमले नसते.

माझ्या मते गोमांसात मेलन निर्विवाद पहिला आणि एकूण रात्रीत सुपिरिऑरिटी त्याच्या बरोबरीचा. खर्च बिअर सोडून माणशी 50 डॉलरच्या आसपास आला. शहरातला विक्रीकर 8.875 टक्के आहे आणि वर 18 ते 20 टक्के टिप धरावी लागते, पण बिल नीट वाचावे. वाटेत आम्ही एका ठिकाणी थोडा वेळ टेकलो होतो, तिथे सेवाशुल्क आधीच लावलेले होते आणि खाली टिपची रिकामी ओळही होती. आम्ही दोन्ही भरले आणि ते गाडीत बसल्यावर लक्षात आले. वेळा बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वी चारही ठिकाणे त्या दिवशी किती वाजेपर्यंत उघडी आहेत ते पाहावे. परतताना क्रिस्टोफर स्ट्रीटच्या स्थानकातून पाथ घ्यावी. ती रात्रभर चालते, मात्र उशिराच्या गाड्या न्यू जर्सीतल्या होबोकनमार्गे जातात आणि बऱ्याच अंतराने येतात, तेव्हा शेवटचा घास घेण्यापूर्वीच वेळापत्रक पाहून ठेवावे.